फान थिएतचं देवमाशांचं देऊळ (वान थुई तू, व्हिएतनाम): जाण्याआधी काय माहीत हवं

दर्यावाट

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढली आहे. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान झाल्यापासून तर बरीच. पण सगळ्यांचा कार्यक्रम तोच असतो: कू ची बोगदे, मेकाँग, हालाँग बे, दा नांगचा हातांवर तोललेला सोनेरी पूल. फान थिएत आणि मुई ने केलं तरी वाळूच्या टेकड्या बघून लोक परततात. त्याच गावात किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांचं 1762 सालचं देऊळ आहे आणि ते चुकवू नये, म्हणून हा धागा.

नाव वान थुई तू. पत्ता नगू ओंग रस्ता, फान थिएत. रस्त्याचं नावही याच देवमासा-देवाचं. मृत देवमासा किनाऱ्याला लागला की कोळ्यांनी त्याला रीतसर पुरायचं, काही वर्षांनी हाडं काढून देवळात ठेवायची, अशी इथली रीत आहे. शंभराहून जास्त देवमाशांचे अवशेष इथे आहेत. सगळ्यात मोठा सांगाडा 22 मीटरचा. तो प्राणी जिवंतपणी अंदाजे 65 टनांचा असावा असं सांगतात. न्हा त्रांगच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने हा सांगाडा जोडला आहे. 1996 पासून देवळाला राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. हे संग्रहालय नाही, नांदतं देऊळ आहे आणि त्याच वेळी दफनभूमीही आहे. आवारातल्या ज्या मोकळ्या जागेतून आपण चालतो तिथे देवमासे पुरलेले आहेत. तिथे डबे उघडून बसू नये. पोरांना पळापळीसाठी मोकळं सोडू नये.

आता जाण्याचं. हो ची मिन्ह सिटीपासून अंतर साधारण 200 किलोमीटर. 2023 मध्ये दाऊ जाय ते फान थिएत द्रुतगती मार्ग सुरू झाला आणि चार-पाच तासांचा प्रवास अडीच-तीन तासांवर आला. जुन्या ब्लॉगांमधले वेळेचे आकडे धरू नका. स्लीपर बस सगळ्यात सोपी. चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या असतात. तिकीट काढताना उतरायचं ठिकाण फान थिएत शहर की मुई ने, ते स्पष्ट सांगा, कारण बहुतेक परदेशी प्रवाशांना गृहीत धरून मुई नेला नेतात. तिथून देऊळ 12 ते 20 किलोमीटर मागे पडतं, रिसॉर्ट कुठे आहे त्यावर अवलंबून. रेल्वेने जायचं तर सायगाव स्थानकावरून फान थिएतला थेट गाडी आहे, साधारण चार तास. मुख्य उत्तर-दक्षिण मार्गावरच्या गाड्या मात्र फान थिएतला जात नाहीत, बिन्ह थुआन नावाच्या स्थानकावर थांबतात. तिथून शहरात यायला टॅक्सी लागते.

प्रश्न विचारा, इथले जाणकार भर घालतीलच.

अनघा_कु

उत्तम धागा. व्हिसा आणि पत्त्याबद्दल थोडी भर.

भारतीयांना ई-व्हिसा लागतो. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच साइट्स दलालांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने नाव लिहा. आडनाव आणि मधलं नाव यांची अदलाबदल झाली की विमानतळावर अडचण येते, आणि आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असल्यामुळे हे फार वेळा घडतं.

दुसरं म्हणजे 1 जुलै 2025 पासून तिथले प्रांत एकत्र केले आहेत. फान थिएत पूर्वी बिन्ह थुआन प्रांतात होतं, ते आता लाम डोंग प्रांतात आलं. त्यामुळे नकाशात, हॉटेलच्या पावतीवर, बसच्या तिकिटावर दोन्ही नावं दिसतील. लाम डोंग म्हटलं की दा लात आठवतं आणि आपण चुकीचं हॉटेल घेतलं की काय असं वाटतं. तसं काही नाही.

शिंपला

वेळेचं काय? आणि फोटो काढू देतात का?

दर्यावाट

शिंपला, सकाळी आठ ते दहा ही वेळ सगळ्यात चांगली. दुपारी साडेअकरापासून दीड-दोनपर्यंत तिथे सगळीकडेच विश्रांती असते, देऊळही त्याला अपवाद नाही. मुई नेहून जीपवाले पहाटे लाल-पांढऱ्या वाळूच्या सहलीला नेतात आणि साडेदहा-अकराला परत सोडतात. तिथून देवळात जावं तर दारात पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ झालेली असते. वाळू एका दिवशी, देऊळ दुसऱ्या दिवशी ठेवा.

तिकीट किरकोळ आहे, पण सुट्या नोटा जवळ ठेवा. 20 हजार डोंगची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर असतात. घाईत 20 हजारांऐवजी 5 लाखांची नोट देणारे पर्यटक पुष्कळ. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या बऱ्या.

फोटो काढता येतात. फ्लॅश नको, आणि कोणी पूजा करत असेल तर त्यांचं होईपर्यंत थांबायचं. 22 मीटरचा सांगाडा एका चौकटीत बसत नाही. मोबाइलचा पॅनोरामा वापरला की कणा सापासारखा वाकडा येतो, कारण आपण जागेवर उभं राहून नुसता फोन फिरवतो. त्यापेक्षा कवटीच्या बाजूच्या कोपऱ्यात उभं राहून लांबीच्या दिशेने फोटो घ्या. बाजूला माणूस उभा असेल तर आकाराचा अंदाज येतो.

मचवा

बहुतेक लोक पुढच्या गाभाऱ्यापर्यंत जातात, नमस्कार करतात आणि बाहेर पडतात. वेदीच्या मागे हाडांची कपाटं आहेत हे त्यांच्या लक्षातच येत नाही. तिथे लहान-मोठ्या हाडांचे ढीग रचून ठेवलेले आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक शंभर ते दीडशे वर्षांपूर्वीची. मोठा सांगाडा वेगळ्या दालनात आहे. तिथल्या माणसाला हाताने खूण करून विचारलं तरी तो दाखवतो.

हाडं तिथवर कशी पोचतात ते आधी वाचून गेलं तर बघण्यात अर्थ आहे. कोळी देवमाशाला "का ओंग" म्हणतात. ओंग म्हणजे आजोबा, मोठा माणूस, आदराने. वादळात सापडलेली होडी तो पाठीवर तोलून किनाऱ्याला लावतो अशी श्रद्धा आहे. मेलेला ओंग ज्याला पहिल्यांदा दिसतो तो त्याचा थोरला मुलगा ठरतो. पुढचं सगळं त्याच्याकडे. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं तो सुतक पाळतो, डोक्याला शोकाची पट्टी बांधतो, काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत. मृतदेह कापडात गुंडाळून वाळूत पुरतात. साधारण तीन वर्षांनी हाडं उकरून काढतात, तांदळाच्या दारूने धुतात, पुसून वाळवतात आणि समारंभाने देवळात आणतात. या हाडांना रत्नास्थी अशा अर्थाचा मानाचा शब्द आहे.

डॉल्फिन, पॉरपॉइज असे लहान जीवही याच मानाने पुरले जातात. त्यामुळे कपाटात हातभर लांबीची कवटी दिसली तर ती पिल्लाचीच असेल असं समजू नका.

खारवी_७

मचवा, तीन वर्षांच्या मुदतीबद्दल थोडं तांत्रिक. देवमाशाचं हाड आतून जाळीदार असतं आणि त्या जाळीत तेल भरलेलं असतं. वाळूत पुरलं की पाणी झिरपून जातं, हवा खेळती राहते, मांस जिवाणू आणि किडे संपवतात. चिकणमातीत पुरलं तर प्राणवायू पोचत नाही, चरबीचं साबणासारखं मेण बनतं आणि पाच वर्षांनीही वास जात नाही. म्हणून किनाऱ्याची, पण भरतीरेषेच्या वरची वाळू लागते. लहान प्राण्याला तीन वर्षं पुरतात, मोठ्याला जास्त लागतात. एवढं करूनही मोठ्या हाडांतलं तेल पूर्ण जात नाही. उन्हाळ्यात दशकांपूर्वीच्या हाडावरही पिवळे, चिकट ठिपके दिसतात आणि खवट, मेणबत्तीसारखा वास येतो. कपाटाजवळ तो वास आला तर नाक मुरडू नका, तो तेलाचा आहे.

दारूने धुण्यालाही उपयोग आहे. वरवरचा तेलकट थर आणि बुरशी निघते. आतलं तेल त्याने निघत नाही. संग्रहालयात त्यासाठी महिनोन्महिने कोमट पाण्याची आणि द्रावकांची आंघोळ घालावी लागते.

शिंपला

त्या मोठ्या सांगाड्याचा देवमासा कोणत्या जातीचा?

खारवी_७

लांबीवरूनच बराच उलगडा होतो. आपल्याकडे कोकणात वारंवार किनाऱ्याला लागणारा ब्राइड व्हेल 15 मीटरच्या आसपास थांबतो. कुबड्या देवमासा सहसा 16-17 मीटरपर्यंत. 22 मीटर म्हटलं की निळा देवमासा किंवा फिन व्हेल हे दोनच मुख्य उमेदवार उरतात.

तिथे उभं राहून काय बघायचं ते सांगतो, म्हणजे नुसतं "केवढा मोठा!" म्हणून परत यायला नको.

आधी जबडा. खालच्या जबड्याची दोन लांब, बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकलेली हाडं दिसतील, पुढे एकमेकांना न जोडलेली, आणि दात अजिबात नाहीत. हा झाला गाळणीवाला देवमासा, म्हणजे दातांऐवजी तोंडातल्या झालरीने पाणी गाळून खाणारा. स्पर्म व्हेलचा जबडा अरुंद असतो, पुढे बराच भाग जोडलेला, आणि त्यावर दातांच्या खाचा असतात. त्याची कवटी वरून खोलगट परातीसारखी दिसते.

मग मणके. प्रत्येक मणक्याच्या दोन्ही टोकांना एक पातळ चकती असते. प्राणी पूर्ण वाढला की ती मणक्याशी सांधली जाते आणि जोड दिसेनासा होतो. वाढीच्या वयातला प्राणी असेल तर चकती सुटी पडते, आणि पुरलेल्या हाडांतून ती बहुतेक वेळा हरवते. मग मणक्याच्या टोकावर किरणांसारख्या रेघांचा खडबडीत पृष्ठभाग उघडा दिसतो. कपाटांतल्या सुट्या मणक्यांत हे हमखास बघायला मिळतं. हात न लावता, नुसतं वाकून बघितलं तरी त्या प्राण्याचं वय कोवळं होतं की नाही ते कळतं.

शेपटीकडच्या मणक्यांखाली व्ही आकाराची छोटी हाडं असायला हवीत. तीही बऱ्याचदा गहाळ असतात. कंबरेच्या हाडाचा उरलेला अवशेष मांसात सुटाच असतो, मणक्यांना जोडलेला नसतो. उकरताना तो सगळ्यात आधी निसटतो.

1990 च्या दशकात संशोधकांनी व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या अशा देवळांतल्या कवट्या तपासून तिथल्या समुद्रातल्या प्रजातींची नोंद केली होती. भक्तिभावाने सांभाळल्यामुळेच ती हाडं अभ्यासाला उरली. त्यांना मीठ, दमट हवा आणि उदबत्तीची काजळी सहन करावी लागते हे खरं. तरी उघड्या किनाऱ्यावर किंवा जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात राहण्यापेक्षा कितीतरी बरं.

अनघा_कु

पूजा करायची असेल तर तिथली पद्धत अशी: तीन उदबत्त्या एकत्र पेटवायच्या, ज्योत फुंकून नाही तर हात हलवून विझवायची, कपाळाशी धरून तीनदा वाकायचं, मग वाळूच्या भांड्यात खोचायच्या. मधली वेदी आधी, बाजूच्या नंतर. उंबऱ्यावर पाय देऊ नये, ओलांडून जावं. फळं-फुलं चालतात. नारळ नेला तर अख्खाच ठेवा, फोडू नका. आणि आपल्या लोकांसाठी खास: हाडांना हळद-कुंकू लावायचं नाही, काचेच्या फटीतून नाणी टाकायची नाहीत. ओल्या कुंकवाचा रंग जाळीदार हाडात शिरला की कायमचा.

शिंपला

उत्सवाच्या वेळी जायचं तर? तारखा मिळतच नाहीत नीट.

मचवा

तारखा चांद्र पंचांगाने चालतात म्हणून घोळ होतो. वान थुई तूचा मोठा काऊ नगू उत्सव सहाव्या चांद्र महिन्याच्या 20 तारखेला. 2026 मध्ये ती 2 ऑगस्टला येते. त्यांचा महिना अमावास्येपासून सुरू होतो, त्यामुळे 20 तारीख म्हणजे आपल्या हिशोबाने वद्य पंचमी-षष्ठीच्या आसपास. अधिक महिनाही त्यांच्याकडे असतो, पण तो आपल्याच वर्षी, आपल्याच महिन्यात येईल असं नाही. 2025 मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला होता. इंटरनेटवरच्या मागच्या वर्षीच्या तारखेत दहा-अकरा दिवस वजा करून बसू नका, त्या वर्षाचं व्हिएतनामी पंचांग बघा.

उत्सवात वल्हं मारत गायचा एक प्रकार असतो, हो बा त्राव. दोन रांगांत वल्हेकरी, नाळेवर एक म्होरक्या, मध्ये एक आणि सुकाणूवर एक. जमिनीवरच होडी चालल्यासारखी हालचाल करत ते ओंगच्या आत्म्याला निरोप देतात. किनाऱ्यावर होड्या सजवून समुद्रावरून देवाला बोलावून आणतात. आपल्या नारळी पौर्णिमेची ओळख असलेल्याला यातलं बरंच समजावून सांगावं लागणार नाही.

फान थिएतला तेव्हा पावसाळा असतो. सकाळ कोरडी मिळते, दुपारी सर येते. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, पण वारा जोरात.

सायली_द

आमच्याकडे हो ची मिन्ह सिटीत एकच मोकळा दिवस आहे. फान थिएत जमणार नाही असं दिसतं. जवळ काही?

दर्यावाट

सायलीताई, कान झोला जा. शहराच्याच हद्दीत, साधारण 50 किलोमीटर. बिन्ह खान्हच्या फेरीने खाडी ओलांडायची, मग खारफुटीतून सरळ रस्ता. तिथल्या लांग ओंग थुई तुओंग या देवळात 12 मीटरच्या आसपासचा सांगाडा आहे. शनिवार-रविवारी फेरीला रांग लागते, म्हणून सकाळी सातच्या आत निघा. वाटेतल्या माकडांच्या बेटावर चष्मा आणि मोबाइल सांभाळा.

कान झोचा उत्सव आठव्या चांद्र महिन्याच्या 16 तारखेला, 2026 मध्ये 26 सप्टेंबर. बहुतेक वर्षी हा भाद्रपद पौर्णिमेच्या आगेमागे पडतो. वुंग ताऊच्या थांग ताम देवळातही तेव्हाच तीन दिवस उत्सव असतो. कान झोहून वुंग ताऊला फेरी आहे, दोन्ही जोडता येतात.

आणि न्हा त्रांगला जाणार असाल तर समुद्रविज्ञान संस्थेचं संग्रहालय बघा. तिथे 18 मीटरचा कुबड्या देवमाशाचा सांगाडा आहे. उत्तरेत नाम दिन्ह प्रांतात 1994 मध्ये कालवा खणताना तो सापडला, समुद्रापासून आत, शेतजमिनीखाली. देवळातल्या आणि संग्रहालयातल्या मांडणीतला फरक तिथे डोळ्यांना कळतो.

निनाद_रत्नागिरी

ही प्रथा राजा जिया लाँगने सुरू केली असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं का?

मचवा

निनाद, नाही. गोष्ट अशी सांगतात की तेय सोन बंडखोर मागे लागलेले असताना न्गुयेन आन्ह समुद्रात वादळात सापडला आणि देवमाशाने त्याची नाव तारली. 1802 मध्ये जिया लाँग या नावाने तो सम्राट झाला आणि त्याने देवमाशाला दक्षिण समुद्राचा महान देव अशा अर्थाची पदवी दिली. पण वान थुई तू 1762 चं, म्हणजे त्याच्या राज्यारोहणाच्या 40 वर्षं आधीचं. कोळ्यांची श्रद्धा आधीची, राजाची मोहोर नंतरची. पुढच्या न्गुयेन राजांनी दिलेली 24 फर्मानं या देवळाकडे आहेत.

मूळ आणखी मागे जातं असं अभ्यासक मानतात. देवमाशाची पूजा मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावरच आहे, तांबड्या नदीच्या खोऱ्यात जवळपास नाही. हा सगळा पट्टा पूर्वी चंपा राज्याचा. उत्तरेतून आलेल्या लोकांनी चाम कोळ्यांकडून ती उचलली. देवळापासून सातेक किलोमीटरवर पो साह इनूचे विटांचे मनोरे आहेत, आठव्या शतकातले, चाम लोकांनी शिवासाठी बांधलेले, आत लिंग आणि योनीपीठ. एकाच सकाळी दोन्ही होतात. आधी देऊळ, मग मनोरे, कारण मनोरे दुपारीही बघता येतात. स्कूटर भाड्याने घेऊ नका. भारतीय परवाना दाखवून ती मिळते, पण तिथे वैध परवाना नसेल तर अपघातात प्रवासविमा हात वर करतो. ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) बोलवा. मुई ने-फान थिएत मार्गावर 1 आणि 9 क्रमांकाच्या बसही आहेत.

निनाद_रत्नागिरी

धन्यवाद. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर 2023 मध्ये निळ्या देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. सगळ्यांनी जिवाचं रान करून ते समुद्रात सोडलं, तरी पुढे ते मेलंच. तेव्हापासून वाटतं, आपल्या किनाऱ्यावरही अशी एखादी जागा हवी.

खारवी_७

अनुमोदन. कायद्याची चौकट मात्र वेगळी आहे. आपल्याकडे देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या प्राण्याचं हाड, दात, अंबर (ज्याला देवमाशाची उलटी म्हणतात), काहीही उचलून घरी किंवा गावच्या देवळात ठेवणं गुन्हा आहे. सांगाडा जतन करायचा तर वनविभागामार्फतच. पुरतानाच ठरवावं लागतं: जेसीबीच्या दातांनी बरगड्या मोडायच्या आत मोजमाप घ्यायचं, कवटी आणि जबडा कोणत्या दिशेला आहे त्याची नोंद ठेवायची, वल्ह्यासारखे पुढचे पर जाळीत गुंडाळून पुरायचे म्हणजे बोटांची हाडं विखुरत नाहीत, आणि खड्ड्याचे चारही कोपरे जीपीएसवर टिपायचे. हे केलं नाही तर तीन वर्षांनी जागाच सापडत नाही, कारण पावसाळ्यात पुळणीची सगळी ठेवण बदलते.

जिवंत लागलेला दिसला तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, सांधे निखळतात. नाकपुडी डोक्यावर असते, तिथे पाणी किंवा वाळू जाऊ द्यायची नाही. बाकी अंगावर ओली चादर. गर्दी शेपटीपासून लांब.

सायली_द

व्हिएतनामला हाडाच्या माळा, कोरीव वस्तू बाजारात दिसतात. देवमाशाच्या म्हणून विकतात त्या घ्याव्यात का?

खारवी_७

अजिबात नको. बहुतेक म्हशीच्या हाडाच्या असतात. खऱ्या निघाल्या तर जास्त वाईट: मोठ्या देवमाशांच्या हाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या कराराने बंद आहे, आणि मुंबईच्या कस्टम्समध्ये "देवळाबाहेर घेतलं" हे उत्तर चालत नाही. देवळासाठी काही द्यायचं असेल तर दानपेटी वेदीजवळच आहे.